कुबियाक यांची डुलकी

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बसमध्ये बसून लिहितेय. पोरं शाळेत उतरली, डेपोत परत जायचा कंटाळा आलाय. हीटर लावला की डिझेल जातं म्हणून बोंब, बंद ठेवला की बोटं पेन धरत नाहीत.

काल बोर्डाच्या मीटिंगमध्ये माझी शोभा झाली.

शहराच्या हाउसिंग बोर्डावर आम्ही पाच जण. चौघं शिकलेसवरलेले, म्हणजे महापौरांच्या ओळखीतले. पाचवी मी, भाडेकरूंच्या खुर्चीवर. कॉलेज मीही केलंय, दोन वर्षं, पण ते कुणी विचारत नाही. मी शाळेची बस चालवते आणि बोर्डाच्याच केस्लर टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर आईबरोबर राहते, एवढंच सगळ्यांना माहीत. काल मला आमच्या लिफ्टच्या कंत्राटावर बोलायचं होतं. आठवडाभर घोकून ठेवलं होतं. हात वर केला, तर टेबलाच्या त्या टोकाला कुबियाकनी एक डोळा उघडला.

"प्रुइटबाई, तो विषय गेला. एकगठ्ठ्यात गेला. आणि तुम्हीच 'हो' म्हणालात."

मागे बसलेले लोक फिसकन हसले.

एकगठ्ठा म्हणजे ज्यावर भांडण नाही असे सगळे विषय एकत्र बांधायचे आणि एका मतात पास करायचे. त्यातला एखादा खटकत असेल तर मताच्या आधी नुसतं म्हणायचं, "वेगळं घ्या." कारण द्यावं लागत नाही, कुणाचा पाठिंबा लागत नाही. दोन शब्द. ते माझ्या तोंडून वेळेवर निघाले नाहीत.

"मी मागच्या महिन्यातही सांगितलं होतं," कुबियाक म्हणाले.

सांगितलं होतं ना. तेही सगळ्यांसमोरच.

आणि सांगतंय कोण? चौऱ्याहत्तर वर्षांचा वकील, भाडेकरू नि घरमालकांचे खटले लढवण्यात जन्म गेला, बारा वर्षं बोर्डावर, आणि अर्धी मीटिंग हनुवटी टायवर टाकून झोपलेला! मधेच जागं व्हायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. केस्लर टॉवर दुरुस्तीसाठी रिकामा करायचं घाटतंय. एक कंपनी येणार, आतून सगळा नवा करणार, आम्हाला तोवर भाड्याचं कूपन देणार. हा विषय आला की कुबियाकचे डोळे उघडतात. "ते ठीक आहे. पण तोवर माणसं झोपणार कुठं? कूपन घेणारा घरमालक दाखवा मला." हाउसिंग ऑफिसचे डायरेक्टर म्हणतात, प्रक्रिया सुरू आहे. कुबियाक म्हणतात, मग प्रक्रिया झाल्यावर या. विषय परत जातो. दर वेळी हेच.

घरी आले तर आईनं सगळं टीव्हीवर पाहिलेलं. शहराच्या चॅनलवर मीटिंग दाखवतात. अख्ख्या शहरात बघणारी एकटी आईच असेल.

"शिकवतोय तो तुला, ओडी. राग कसला?"

"चारचौघांत?"

"चारचौघांत शिकलेलंच राहतं. तुझ्या बापानं मला गाडी शिकवली ती रविवारी चर्च सुटताना, चर्चच्या दारात. अजून कुठं धडकले नाही."

मला नाही पटलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

काल किती हसवलं मी सगळ्यांना!

ईस्टरआधीचे उपवासाचे शुक्रवार सुरू झाले, मटण-चिकन बंद, म्हणजे पोलिश चर्चच्या तळघरात मासे. आम्ही बॅप्टिस्ट, आमच्यात हा उपवास नाही, पण आई म्हणते माशाला काय माहीत तळणारा कोण. गरम मासा, बटाट्याचं धिरडं, कोबी, राय ब्रेड, आणि ज्याला झेपेल त्याला ब्रँडी. लांब बाकांवर जो शेजारी येईल तो आपला. माझ्या शेजारी ब्रेंट हॅस्लर आला. महापौरांच्या ऑफिसातला. निळा स्वेटर, दात एकदम सरळ. आल्या आल्या "ओडेसा, कशी आहेस तू?" असं. बोर्डावर मला सगळे 'प्रुइटबाई' म्हणतात ते मान म्हणून नाही, लांब ठेवायला. हा पहिल्या वाक्यापासून 'तू'वर. बरं वाटलं.

म्हणाला, "बोर्डावर कसं काय? म्हातारा त्रास देत नाही ना?"

मग मला काय झालं कोण जाणे. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, हनुवटी छातीवर टाकली, ओठांनी फुर्र फुर्र केलं, आणि एकदम दचकून जागी होऊन, "पण तोवर माणसं झोपणार कुठं?"

अख्खं टेबल हसून कोसळलं. आईच्या नाकातून ब्रँडी आली. पलीकडच्या बाकावरचे लोक म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी जास्त जमलं.

ब्रेंट डोळे पुसत होता. "हे खरंच रेकॉर्डिंगमध्ये दिसतं?"

"दिसतं म्हणजे! ऑक्टोबरची बघ, बॉयलरचा रिपोर्ट चाललेला. डिसेंबरची तर विचारूच नकोस, तोंड उघडं."

"बघायलाच हवं. त्यांची मुदत संपतेय ना आता?"

"संपली तरी काय, पुन्हा नेमतीलच की महापौर."

"हो, हो," तो म्हणाला. "अनुभवी माणूस."

निघताना मला म्हणाला, तुझ्यासारखी माणसं पुढे यायला हवीत. मी हसण्यावारी नेलं, पण लिफ्टमधे तेच आठवत होतं. लिफ्ट चालू होती काल. सगळंच चालू होतं काल.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

ब्रेंटचा मेसेज. बोर्डाची उपाध्यक्ष व्हायला आवडेल का? नवीन रचना चाललीय म्हणे. कसली रचना ते विचारलं नाही. हो म्हटलं.

गुरुवार, ५ मार्च

काय लिहू.

आज दुपारच्या फेरीला मागच्या सीटवरची मोठी पोरं फोन बघून खिदळत होती. थांब्यावर एकानं मला दाखवलं, "मिस ओडेसा, हे तुमच्या बोर्डावरचे आजोबा ना?" कुबियाक. ऑक्टोबर. डिसेंबर. हनुवटी, टाय, उघडं तोंड, आणि वर कुणीतरी घोरण्याचा आवाज चिकटवलेला. शेवटी मोठ्या अक्षरांत: *शहर जागं होऊ दे*.

मी म्हटलं, "फोन आत ठेवा." आवाज असा निघाला की पुढच्या सीटवरच्यांनीही फोन आत ठेवले.

शेवटच्या थांब्यानंतर गाडी कडेला लावून बसून राहिले. मी फक्त नक्कल केली होती. जेवताना. जेवताना बोललेलं कुणी धरतं का?

घरी आले. टीव्हीवरच्या बातमीत सांगत होते की महापौरांनी मुदत संपलेल्या जागेवर नवं नाव सुचवलंय. कर्स्टन लोफग्रेन, बँकेत घरकर्जं बघणारी. सतराला ते नाव शहराच्या कौन्सिलमध्ये मंजुरीला येईल. एकगठ्ठ्यात.

आई नुसती म्हणाली, "ऑक्टोबर आणि डिसेंबर."

शनिवार, ७ मार्च

कुबियाकच्या घरी जाऊन आले. सांगून टाकायचं म्हणून गेले होते. रस्ताभर वाक्य तयार केलं: मिस्टर कुबियाक, ते मी सांगितलं होतं. सोपं आहे.

ते शेजारणीच्या पायऱ्यांवरचा बर्फ लोखंडी पहारीनं फोडत होते. टाय होताच. शनिवारीही. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. आत नेलं, कॉफी दिली, बिस्किटांवर धुरी दिलेला मासा ठेवला. भिंतीवर बायकोचा फोटो, त्याखाली चर्चमध्ये वाटतात त्या सुकलेल्या फांद्या, तिच्या शेवटच्या ईस्टरच्या असतील.

"तो व्हिडिओ..." मी सुरुवात केली.

"झोपतोच मी," ते म्हणाले. "त्यात खोटं काय? मी कागद आदल्या दिवशी वाचून येतो. तिथं ते पुन्हा वाचून दाखवतात, तेव्हा झोपतो. ज्यानं वाचलं नसेल त्यानं जागं राहावं."

मला हसू आलं. मग त्याचीच लाज वाटली. मी काही वाचून जात नाही.

"कुणीतरी नेमक्या मीटिंगा सांगितल्या असणार," ते कपात बघत म्हणाले. "एवढ्या वर्षांचं रेकॉर्डिंग चाळायला सवड कुणाला आहे?"

हीच वेळ होती. तोंडात तो मासा होता. गिळला.

"डायरेक्टर असेल," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, जरा वेळ.

"असेल," ते म्हणाले.

सुटले. त्यांना डायरेक्टरवरच संशय आहे.

मग त्यांनी समोर सरळ मांडलं. खुर्चीचं त्यांना काही नाही. पण केस्लरचा विषय संपेपर्यंत तिथं कुणीतरी तो प्रश्न विचारणारं पाहिजे. लोफग्रेनबाईंचं नाव एकगठ्ठ्यातून वेगळं काढलं तर कौन्सिलला ते परत पाठवता येतं, आणि नवा माणूस ठरेपर्यंत जुनाच बसतो. आमच्या वॉर्डाची नगरसेविका, पाहुआ लोर, विषय वेगळा काढायला तयार आहे. फक्त भाडेकरूंच्या बाजूनं कुणीतरी माइकवर येऊन मागायला हवं, नाहीतर ती म्हातारे वकील वाचवतेय असं दिसेल.

"मी स्वतःसाठी उठणं बरं नाही दिसत," ते म्हणाले. "तुम्ही उठाल का? दोनच शब्द आहेत, प्रुइटबाई. तुम्हाला येतात आता."

"उठेन की," मी म्हटलं. "त्यात काय."

दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, पायरी बघून.

बुधवार, ११ मार्च

बोर्डाची मीटिंग. कुबियाक पूर्ण वेळ जागे होते. ताठ बसले होते, डोळे लाल. मागच्या रांगेतली दोन पोरं फोन धरून वाट बघत होती.

मला ते बघवत नव्हतं. एकदा तरी झोपा हो, असं वाटत होतं.

रविवार, १५ मार्च

चर्चमध्ये लॉबीत पाहुआ लोरचा फोन आला. "मंगळवारी मी तुमच्याकडे बघत बसणार. तुम्ही म्हणालात की मी काढलंच. तुम्ही बोलला नाहीत तर मला उठायला तोंड नाही." मी म्हटलं, काळजी करू नकोस गं.

आई कोटाची बटणं लावत ऐकत होती. "काय म्हणायचंय तुला?"

"वेगळं घ्या."

"म्हण बरं मोठ्यानं."

"आई, इथं लोक आहेत."

"तिथंही असणारेत."

बुधवार, १८ मार्च

काल. क्रमानं लिहिते, नाहीतर मी काहीतरी वेगळंच लिहीन.

कौन्सिलचा हॉल भरलेला. सेंट पॅट्रिकचा दिवस, म्हणून अर्ध्यांचे टाय हिरवे. कुबियाक शेवटच्या रांगेत, तपकिरी टाय. आमच्या टॉवरमधले बरेच आले होते, चौथ्या मजल्यावरच्या वेस्टब्रूकबाई ऑक्सिजनची नळी लावून. मी बोलणार हे आईनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

माझं नाव पुकारायच्या जरा आधी ब्रेंट शेजारी येऊन बसला. हिरवा टाय, त्यावर छोट्या टोप्या.

"लोरचं काहीतरी चाललंय असं कानावर आलं," तो हळूच म्हणाला. "विषय वेगळा निघाला की चर्चा होणार. चर्चा झाली की ते व्हिडिओचंही निघणार. कुणी काय सांगितलं, कुठं सांगितलं. मला त्या म्हाताऱ्याचं काही नाही गं, मला तुझीच काळजी."

त्याच्या आवाजात खरंच काळजी होती.

मग मी माइकवर गेले. समोर पाहुआ लोर, हातात पेन्सिल, माझ्याकडे बघत. मागे आमची माणसं. मला वाटलं, आधी दोन चांगले शब्द बोलू, मग ते दोन शब्द. म्हणून सांगितलं की मिस्टर कुबियाकनी एवढी वर्षं या शहराची सेवा केली. मला बोर्डाचं कामकाज त्यांनी शिकवलं. शेजारणीच्या पायऱ्यांवरचा बर्फ फोडतात तेही सांगितलं. लोकांना आवडत होतं. कुणीतरी "अगदी खरं" म्हणालं. मी आणखी बोलले. त्यांच्या टायबद्दल एक विनोद केला, सगळे हसले, प्रेमानं हसले. शेवटी म्हटलं, "केस्लर टॉवरतर्फे त्यांचे मनापासून आभार."

टाळ्या.

टाळ्या थांबेनात. कौन्सिलचे अध्यक्ष म्हणाले, "किती सुंदर निरोप. मिस्टर कुबियाक, उभे राहा, बघू दे लोकांना." ते उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर. मान किंचित लववली. वेस्टब्रूकबाईही नळी सांभाळत टाळ्या वाजवत होत्या, आमचं काम झालं असं वाटून.

मी अजून माइकपाशीच होते. अजून वेळ होता. पाहुआ लोरनं भुवया उंचावल्या. मी खाली बघितलं आणि जागेवर येऊन बसले.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

मग एकगठ्ठा पास. जत्रेचे परवाने, एक गटार, दोन रस्त्यांची नावं आणि कर्स्टन लोफग्रेन.

बाहेर कुबियाकनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं. मला वाटलं आता बोलतील.

"प्रुइटबाई," ते म्हणाले, "माइकपासून एवढं लांब उभं राहू नका. शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही."

गुरुवार, १९ मार्च

आई दोन दिवस बोलत नव्हती. आज अंडी तळताना बोलली.

"छान बोललीस. माणूस समोर बसलेला असताना मयताचं भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं. आता माती कधी?"

"आई, पुरे."

"पुरेच. मी तुला काय बोलणार? त्या शुक्रवारी सगळ्यांत मोठ्यानं हसले ती मीच." तिनं अंडं ताटलीत टाकलं. पिवळं फुटलं. "तू दुसऱ्यांदा केलंस ना, ते मीच ओरडले होते, पुन्हा कर म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. पलीकडचा बाक म्हणून मी लिहून बसले होते.

शुक्रवार, २७ मार्च

तळघरात मासे खायला गेलो नाही. घरी मॅकरोनी केली. लिफ्ट बंद.

मंगळवार, ७ एप्रिल

उद्याच्या मीटिंगचे कागद आले. पहिल्यांदाच सगळे वाचले, बसमध्ये बसून. केस्लर टॉवर रिकामा करण्याचा विषय एकगठ्ठ्यात आहे. भाडेपट्टे आणि झाडू-पोछ्याच्या कंत्राटाच्या मधे. पानं परत परत उलटून बघितली. तोवर कुठं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

ब्रेंटला फोन केला. म्हणाला, "प्रक्रिया सुरू आहे. आणि अभिनंदन, मॅडम उपाध्यक्ष!"

'मॅडम' म्हणाला. 'तू' गेलं.

गुरुवार, ९ एप्रिल

कालची मीटिंग. टेबलावर माझ्यापुढे पितळी पाटी, उपाध्यक्ष. कुबियाकच्या खुर्चीत लोफग्रेनबाई. वाईट नाहीत त्या. घरून लिंबाचे मफिन करून आणलेले, सगळ्यांना एक एक. खुर्ची त्यांना बुटकी पडत होती, उंच करायचा दांडा सापडत नव्हता. मी दाखवला. कुबियाकनी मला दाखवला होता, पहिल्या मीटिंगला. तेव्हा चारचौघांत नव्हतं, वाकून हळूच. हे मी आत्तापर्यंत कुठं लिहिलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "एकगठ्ठा विषय. मत घेऊ या?"

"वेगळं घ्या," मी म्हटलं.

निघाले. इतके सोपे होते ते दोन शब्द. डायरेक्टरनी मान वर केली. ब्रेंट भिंतीपाशी उभा होता, त्यानं फोन खिशात ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, कुठला विषय? मी सांगितलं. मग विचारलं, काय म्हणायचंय?

आणि माझ्या तोंडून निघालं ते जसंच्या तसं त्यांचं. "ते ठीक आहे. पण तोवर माणसं झोपणार कुठं?"

हॉलमध्ये कुणीतरी फुर्र केलं. दोन-तीन जण हसले. बरोबर आहे. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडूनच ऐकलं होतं, माशाच्या ताटावर. आता मी ते कितीही खरं बोलले तरी नक्कलच वाटणार.

आवाज कुठून आला म्हणून मागे बघितलं, आणि शेवटच्या रांगेत कुबियाक दिसले. कोट अंगावर, हनुवटी टायवर, डोळे मिटलेले.

डायरेक्टर म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. मी म्हटलं, मग प्रक्रिया झाल्यावर या. अध्यक्ष म्हणाले, मत घेऊ. चार विरुद्ध एक. लोफग्रेनबाईंनी हात वर करताना माझ्याकडे बघून कसनुसं हसून घेतलं. जून अखेरीस टॉवर रिकामा.

आई आज सकाळपासून काचेच्या कपाटातल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळतेय. मी म्हटलं, आत्तापासून कशाला? म्हणाली, हात रिकामे राहिले की तुझ्या गालावर जातील.

पण मत व्हायच्या आधीचं राहिलं. ते लिहिते आणि डेपोत जाते. हसणं थांबल्यावर अध्यक्ष म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता?" मी माइक ओढून तोंडाजवळ घेतला. शेवटच्या रांगेकडे बघितलं. म्हाताऱ्याची मान अजून खालीच. झोपलेत की ऐकतायत, इतक्या लांबून कळत नव्हतं. ऐकत असले तर त्यांचंच वाक्य, त्यांची जागा घालवलेल्या तोंडून, दुसऱ्यांदा.

मी मोठ्यानं विचारलं. आणि मनात म्हणत होते, देवा, झोपलेलेच असू देत.